भूगर्भातील नाजूक कारागिरी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चिटणिसांनी आम्हांस व्याख्यानासाठी पाचारण केले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. ज्ञातीचा इतिहास, विवाहाचे प्रश्न, शिक्षणनिधी या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण दर वर्षी ऐकत आला आहात. आमचे आयुष्य पदार्थविज्ञान शिकविण्यात गेले. तेव्हा त्याच शास्त्राच्या क्षेत्रात घडलेली एक हकीकत आपणांपुढे ठेवावी, असे आम्ही ठरविले. ही हकीकत विद्वानांच्या बुद्धीची आहेच. परंतु तितकीच ती कारागिरांच्या हातांची आहे. आपल्यांतील कित्येक घरांत ऐरण, सांडशी आणि फुंकणी अजून जपून ठेवलेली आहेत. त्या घरांतील माणसांस ही हकीकत परकी वाटू नये.

स्वित्झर्लंड देशातील जिनीव्हा शहराच्या वेशीवर सर्न नावाची संशोधनसंस्था आहे. युरोपातील राष्ट्रांनी एकत्र येऊन ती १९५४ साली स्थापन केली. पदार्थ मुळात कशाचा घडलेला आहे, याचा शोध घेणे हे तिचे कार्य. या संस्थेने जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोलीवर २७ किलोमीटर परिघाचे एक वर्तुळाकार भुयार उभारले असून त्यात प्रोटॉन नावाच्या कणांचे दोन झोत परस्परविरुद्ध दिशांनी, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरविले जातात. भुयारात चार ठिकाणी हे झोत एकमेकांवर आदळतात. अशा प्रत्येक ठिकाणी टकरीतून काय बाहेर पडते ते टिपून घेणारी प्रचंड यंत्रे बसविलेली आहेत. त्यांपैकी सीएमएस नावाचे यंत्र फ्रान्सच्या हद्दीतील सेसी या खेड्याखाली आहे. आमची हकीकत या यंत्राच्या पोटातील आहे.

या यंत्राचे वजन सुमारे १४,००० टन आहे. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यात जितके लोखंड आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट! त्याची उंची १५ मीटर, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढी. यंत्रासाठी विवर खणावयास घेतले तेव्हा प्रथमच रोमन काळातील एका वाड्याचे अवशेष आणि चौथ्या शतकातील नाणी सापडली. पुढे खाली भूजलाचे प्रवाह लागले, तेव्हा द्रवरूप नायट्रोजनने भोवतालची जमीन गोठवून मगच विहीर खाली न्यावी लागली. यंत्राचे अवाढव्य तुकडे भूपृष्ठावर जोडून एकेक करून विवरात उतरविण्यात आले. त्यांतील सर्वांत जड तुकडा १,९२० टनांचा होता. २८ फेब्रुवारी २००७ रोजी तो उतरविला, तेव्हा विहिरीची भिंत आणि तुकडा यांत अवघे वीस सेंटिमीटर अंतर होते. उतरविण्यास जवळजवळ सारा दिवस लागला.

एवढ्या अवजड यंत्राच्या अगदी गाभ्यात, जेथे टक्कर होते त्या बिंदूभोवती, एक अतिशय नाजूक भाग असतो. त्याला ट्रॅकर, म्हणजे माग घेणारे यंत्र, असे म्हणतात. मंदिराचा कळस दुरून दिसतो, परंतु देवता गाभाऱ्यात असते. तद्वत या यंत्राचे लोखंड जगाच्या डोळ्यांत भरते, तरी मर्म या गाभ्यात आहे.

माग कशाचा घ्यावयाचा, असे आपण विचाराल. पूर्वी खेड्यांतून चोराचा माग काढणारे जाणते लोक असत. चोर त्यांनी पाहिलेला नसे. परंतु ओल्या मातीत उमटलेली पावले पाहून तो कोठून आला, किती वेगाने गेला, पाठीवर ओझे होते की नव्हते, हे ते सांगत. पदार्थविज्ञान हेच करते. टकरीतून उत्पन्न झालेले कण डोळ्यांस दिसत नाहीत आणि त्यांतील कित्येक क्षणार्धातही टिकत नाहीत. मात्र विद्युत्भार असलेला कण सिलिकॉनच्या पातळ पत्र्यातून गेला की वाटेतील अणूंमधून विद्युत्भार मोकळा करीत जातो. तेवढी अल्पशी विद्युत् टिपली की पाऊल उमटले, असे समजावे. अशी अनेक पावले ओळीने मिळाली म्हणजे मार्ग आखता येतो. यंत्रात ३.८ टेस्ला शक्तीचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे लाखपट प्रबळ, असे चुंबक आहे. त्यामुळे कणाचा मार्ग वाकतो. मंद कण अधिक वाकतो, वेगवान कण जवळजवळ सरळ जातो. वाकण्यावरून त्याचा संवेग मोजतात आणि मार्ग मागे मागे नेऊन तो कोठे जन्मला हेही सांगतात.

या जन्मस्थानाचे महत्त्व फार आहे. काही जड कण टकरीत जन्मतात आणि सुमारे दीड पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लक्ष कोटी भागांपैकी दीड भागात, मोडतात. तेवढ्या अवधीत ते फार तर काही मिलिमीटर पुढे जातात. टक्कर एके ठिकाणी झाली आणि काही मार्ग मात्र तेथून दोन-तीन मिलिमीटरांवरून निघाले, असे दिसले की तेथे असा कण जन्मून मोडला हे ओळखता येते. हा एवढासा फरक निश्चितपणे सांगावयाचा तर पाऊल टिपणारा पत्रा टकरीच्या शक्य तितका जवळ हवा, आणि त्याची जागा केसाच्या जाडीपेक्षाही सूक्ष्म मापाने ठाऊक असावयास हवी. मनुष्याच्या केसाची जाडी साधारण ७०-८० मायक्रॉन असते. येथे १० मायक्रॉनांपर्यंतचे माप मिळवावयाचे असते. आपल्याकडील जुन्या मोजमापात तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा होत. गुंजेचा फरक ओळखणारा तराजू काचेच्या पेटीत, वाऱ्यापासून जपून ठेवावा लागे. या यंत्राचे कारागीर त्याच वृत्तीने, मात्र कित्येक पटींनी सूक्ष्म मापाने काम करीत असतात.

पहिला ट्रॅकर डिसेंबर २००७ मध्ये बसविला गेला. त्याच्या पट्ट्यांच्या भागात सिलिकॉनचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मीटर, म्हणजे टेनिसच्या एकेरी सामन्याच्या मैदानाएवढे आहे. पन्नासांहून अधिक संस्थांतील पाचशेंहून अधिक शास्त्रज्ञ व अभियंते यांनी तो सिद्ध केला. रस्त्यावरील रहदारी थांबल्यानंतर मध्यरात्री सर्नच्या मुख्य आवारातून सेसीपर्यंत तो नेण्यात आला. पुढे २००८ च्या उन्हाळ्यात त्याच्या आत, सर्वांत जवळचा असा पिक्सेल नावाचा भाग सरकविण्यात आला. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला आणि पुढील वर्षी पीटर हिग्ज व फ्राँस्वा आँग्लेर यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधात या ट्रॅकरचाही वाटा होता. परंतु यशानंतर विसावा घेण्याची सोय येथे नव्हती. झोतांची तीव्रता वाढत गेली. दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळा, प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांत घुसू लागले, आणि प्रत्येक वेळी डझनावारी टकरी एकदम होऊ लागल्या. बाजारच्या दिवशी चिखलातून शेकडो माणसे गेली म्हणजे एकाचा माग काढणे जसे कठीण, तशी अवस्था झाली. म्हणून पिक्सेलचा सारा भाग नवा करावयाचे ठरले.

नव्या भागाची रचना थोडक्यात सांगतो. मधल्या नळकांड्यासारख्या भागात तीनऐवजी चार थर आणि दोन्ही टोकांस प्रत्येकी तीन चकत्या. एकूण १,८५६ पट्टिका. प्रत्येक पट्टिका सुमारे साडेसहा सेंटिमीटर लांब व दीड सेंटिमीटरहून थोडी अधिक रुंद, म्हणजे बोटाएवढी. तिच्यात ६६,५६० चौकटी, आणि प्रत्येक चौकट १०० मायक्रॉन रुंद व १५० मायक्रॉन लांब. सर्व मिळून बारा कोटींहून अधिक चौकटी झाल्या. प्रत्येक चौकट खालच्या इलेक्ट्रॉनिक तुकड्याशी धातूच्या अतिसूक्ष्म मण्याने झाळलेली असते. आपल्याकडे रवाकाम करणारा कारागीर सोन्याचे बारीक रवे एकेक करून झाळीत असे. येथे बोटभर पट्टिकेवर सहासष्ट हजार रवे, आणि एकही शेजाऱ्यास चिकटलेला चालत नाही!

हे सारे थंड ठेवण्यासाठी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड खेळविला जातो. त्याच्या पोलादी नळ्यांचा व्यास १.७ मिलिमीटर, आणि त्यांच्या भिंतीची जाडी अवघी ५० मायक्रॉन. नळी जाड केली तर ती बळकट होईल हे खरे. परंतु ज्या कणाचा माग घ्यावयाचा, तोच कण त्या जाड भिंतीत अडखळेल. म्हणून येथे बळकटी आणि हलकेपणा यांचा मेळ घालावा लागतो. यंत्राचा बाह्य भाग हजारो टनांचा आणि गाभा मात्र जितका हलका तितका चांगला.

आता मूळ विषयाकडे येतो. २०१६-१७ च्या हिवाळ्यात झोत थांबविण्यात आले. प्रथम यंत्र उघडावयाचे होते. झाकणासारख्या प्रचंड पोलादी चकत्या हवेच्या गाद्यांवर किंचित उचलून बाजूस सरकविण्यात आल्या. जुना पिक्सेल भाग काढला. इतकी वर्षे किरणोत्साराच्या माऱ्यात राहिल्यामुळे त्यालाही थोडा किरणोत्सार लागलेला असतो. म्हणून काम करणाऱ्याच्या अंगास किती किरणोत्सार लागला याचा हिशेब ठेवला जातो. तेथे रेंगाळणे इष्ट नसते आणि घाई करणे तर मुळीच इष्ट नसते. या दोहोंच्या मध्ये कारागिराला आपली गती शोधावी लागते.

खरी अडचण मात्र निराळीच होती. ज्या नळीतून प्रोटॉनांचे झोत जातात, ती निर्वात नळी आधीच जागेवर बसविलेली होती. तिचा मधला भाग बेरिलियम धातूचा असून बाहेरचा व्यास ४५ मिलिमीटर आणि भिंत ०.८ मिलिमीटर जाडीची आहे. बेरिलियम हलका खरा, परंतु ठिसूळ, आणि त्याची धूळ विषारी. पिक्सेलचा सर्वांत आतला थर नळीच्या मध्यापासून सुमारे तीन सेंटिमीटर अंतरावर राहावयाचा होता. म्हणजे नळीचा पृष्ठभाग आणि पट्टिका यांत काही मिलिमीटरांचीच फट. नळीला धक्का लागला तर ती निकामी होण्याचे भय. पट्टिकेला लागला तर कित्येक वर्षांचे काम वाया जाण्याचे भय. नळी काढून घेता येत नव्हती आणि तिच्या टोकावरून भाग ओवताही येत नव्हता. मग करावयाचे काय?

यासाठी भाग दोन अर्धगोल तुकड्यांत, चिरलेल्या बांबूसारखा, घडविलेला होता. मधला भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंस तारा, तंतू व थंडाव्याच्या नळ्या वाहून नेणारे लांब खोके, असे मिळून एकेका तुकड्याची लांबी सुमारे पाच मीटर भरे. ट्रॅकरच्या आतील पोकळीत, एखाद्या परातीएवढ्या तोंडातून, हा तुकडा मध्यापर्यंत न्यावयाचा होता. आत रूळ होते, परंतु ते सरळ नव्हते. आरंभी ते नळीपासून दूर राहून तिच्या आधारांना चुकवीत जात आणि शेवटी नळीच्या जवळ येत. तुकडा बाहेरून सावकाश ढकलला की रूळच त्याला योग्य वेळी आत वळवीत. दुसऱ्या बाजूने दुसरा अर्धा तसाच येई आणि नळीला मध्ये घेऊन दोन्ही अर्धे ओंजळीसारखे एकत्र होत. आपल्या देवळांत समईच्या ज्योतीभोवती दोन्ही हात धरून वारा आडवतात ना, तसे. हात ज्योतीला लागता कामा नये आणि दूरही राहता कामा नये.

असे काम प्रत्यक्ष जागेवर प्रथमच करून पाहणे शहाणपणाचे नव्हते. म्हणून नळीची हुबेहूब प्रतिकृती करून तिच्याभोवती तुकडे सरकविण्याच्या तालमी आधी घेण्यात आल्या. नाटकाच्या तालमीत चूक झाली तर हसून पुढे जाता येते. ती रंगमंचावर होऊ नये, यासाठीच तालीम असते. येथेही तेच सूत्र पाळले गेले.

मधला भाग स्वित्झर्लंडमधील व्हिलिगेन येथील पॉल शेरर संस्थेतून रस्त्याने आला, तर टोकांच्या चकत्या अमेरिकेतील शिकागोजवळच्या फर्मिलॅबमधून आल्या. २०१७ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या आरंभी एकेक तुकडा क्रेनने विवरात उतरविण्यात आला. यंत्राच्या तोंडासमोर उंच मंच उभारलेला होता. त्यावर तुकडा ठेवून मंचावरील रूळ आतील रुळांशी जुळविले. नंतर तो आत जाऊ लागला. मधूनमधून थांबावयाचे, नळी आणि पट्टिका यांतील फट पाहावयाची, आणि मग पुन्हा सरकवावयाचे, असा तो क्रम होता. ते काम काही दिवसांत उरकले. त्याच्यामागे तयारी मात्र अनेक वर्षांची होती.

जागेवर बसविले की काम संपत नाही. विद्युत्पुरवठ्याच्या तारा, संदेश नेणारे काचतंतू आणि थंडाव्याच्या नळ्या, यांतील प्रत्येक सांधा जोडून तपासावा लागतो. एकदा यंत्र मिटले की महिनोन् महिने आत हात पोहोचत नाही. जो सांधा आज सैल राहिला, तो वर्षभर सैलच राहणार. शिवाय आत ओलावा राहून चालत नाही. थंड पट्टिकेवर दव साचले तर विद्युत् भलतीकडे वाहील. म्हणून आतील हवा अत्यंत कोरडी ठेवतात.

इतके करूनही पट्टिका नेमकी कोठे बसली हे हाताने मोजून केसाच्या आठव्या हिश्शापर्यंत कळत नाही. ते शेवटी कणच सांगतात. आकाशातून सतत येणारे विश्वकिरणांचे कण आणि पुढे टकरीतून निघालेले कण यांचे लक्षावधी मार्ग घेऊन गणित मांडतात. मार्ग सुरेख जुळला तर पट्टिका मानलेल्या जागी आहे. सतत एका बाजूस चुकत असेल तर पट्टिका तितकी हललेली आहे. चुंबक सुरू झाले किंवा तापमान बदलले की भाग किंचित सरकतात, म्हणून हे गणित पुनःपुन्हा करावे लागते. नवा तराजू घरात आणला की प्रथम तोच ताडून पाहावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत आपणांस ठाऊक आहेच.

हकीकत येथे संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु तिचा पुढील भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो, म्हणून तोही सांगतो. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या भागातील विद्युत्पुरवठा बदलून देणारी छोटी उपकरणे एकामागून एक बंद पडू लागली. वर्ष संपेतो त्यांतील सुमारे पाच टक्के निकामी झाली. वर्षानुवर्षे खपून बसविलेल्या यंत्रात पहिल्याच वर्षी अंधारे कोपरे पडू लागले! काय झाले असेल याचा तपास सुरू झाला. किरणोत्साराने उपकरणाच्या आतील चकतीत विद्युत्गळती उत्पन्न होते, आणि उपकरण बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या रीतीमुळे ती गळती घातक ठरते, हे पुढे निष्पन्न झाले. दरम्यान थांबण्यास अवकाश नव्हता. २०१७-१८ च्या हिवाळ्यात यंत्र पुन्हा उघडले, तो नाजूक भाग पुन्हा त्याच वाकड्या रुळांवरून बाहेर काढला, सुमारे बाराशे उपकरणे नवी बसविली आणि सारे पुन्हा जागेवर सरकविले. वापरण्याची रीतही बदलली. २०१८ साली यंत्र नीट चालले.

या प्रसंगात दोष कोठे होता, तपासात काय आढळले, उपाय कोणता केला, हे सारे त्या मंडळींनी निबंध लिहून जगापुढे मांडले. लपविले काहीच नाही. आम्हांस हे यंत्राहून मोठे वाटते. दागिन्यात कस कमी आढळला तर तो पुन्हा मुशीत घालणारा सराफ आणि वरून मुलामा देणारा सराफ, यांतील पेढी कोणाची टिकते, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस आम्ही काय सांगावे!

या खटपटीचे फळ काय मिळाले, असे कोणी विचारील. हिग्ज कण मोडतो तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्यातून बॉटम क्वार्क नावाच्या कणांची जोडी निघते. आश्चर्य असे की जो प्रकार सर्वाधिक वेळा घडतो, तोच ओळखावयास फार कठीण होता. कारण तशाच दिसणाऱ्या इतर घटनांची गर्दी अफाट. तो ओळखण्याची खूण म्हणजे आम्ही मघाशी सांगितलेले, टकरीपासून काही मिलिमीटर दूर असलेले जन्मस्थान. २८ ऑगस्ट २०१८ रोजी सीएमएस आणि तिचे भावंड असलेले ॲटलास यंत्र, या दोन्ही गटांनी हा प्रकार निश्चितपणे पाहिल्याचे जाहीर केले. सीएमएसच्या निष्कर्षात २०१७ च्या नोंदींचाही समावेश होता. काही मिलिमीटरांच्या फटीतून सरकविलेल्या त्या तुकड्यांची ती कमाई होती. पुढे २०१९ ते २०२१ या विरामात पिक्सेलचा सर्वांत आतला थर पुन्हा नवा करण्यात आला, आणि जुलै २०२२ मध्ये टकरींचे तिसरे पर्व सुरू झाले. त्यापुढील अधिक तीव्र झोतांसाठी संपूर्ण ट्रॅकरच बदलावयाची योजना आहे.

या कार्यात आपल्या देशाचा आणि आपल्या मुंबईचाही हात आहे, हे सांगावयास आनंद वाटतो. सीएमएसच्या चुंबकाबाहेर ऊर्जा मोजणारा जो एक थर आहे, त्याचे काम कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पंजाब विद्यापीठाच्या सहकार्याने केले. सिलिकॉनचे सुमारे एक हजार संवेदक तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि दिल्ली विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झाले. भुयारातील पंधरा मीटर लांबीची अवजड चुंबके ज्या आधारांवर बसविली आहेत, ते सात हजारांहून अधिक आधार भारताने पुरविले. त्यांची आखणी इंदूरच्या संशोधनकेंद्राची. त्यांवर तीस टनांहून जड चुंबक मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत नेमक्या जागी आणता येते. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहसदस्य आहे. सर्नच्या आवारात भारताने भेट दिलेली नटराजाची मूर्ती २००४ पासून उभी आहे.

आणखी एक गोष्ट आपणांस विशेष भावेल. १९६५ साली टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओसाका व डरहॅम येथील सहकाऱ्यांसह वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनो कणाचा माग टिपला, तो कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर. ती खाण २००१ साली बंद झाली. एकेकाळी जेथून सोने निघे, तेथूनच हे ज्ञानही निघाले. सोन्याचा भाव रोज बदलतो. हे धन मात्र ज्याला मिळाले त्याच्यापाशी राहते आणि वाटल्याने उणे होत नाही.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. या हकीकतीत दोन प्रकारची माणसे आहेत. एक, ज्यांनी पट्टिका कोठे असावी हे गणिताने ठरविले. दुसरी, ज्यांनी ती तेथे नेऊन बसविली: रूळ जुळविणारे, नळ्या झाळणारे, तारा जोडणारे, क्रेन चालविणारे. पहिल्यांवाचून दुसरे आंधळे, आणि दुसऱ्यांवाचून पहिले पांगळे. सर्नमध्ये दोघांसही एकाच मंचावर उभे राहावे लागते. शंका आली तर प्राध्यापकासही कारागिराच्या शब्दावर थांबावे लागते; कारण फट किती उरली हे तुकडा सरकविणाऱ्या हातालाच आधी कळते.

आपल्या ज्ञातीत या दुसऱ्या माणसाचे स्थान काय आहे? आम्ही स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ज्यांच्या आजोबांच्या हातांवर चार गावांचा विश्वास होता, त्या घरांतून आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणाऱ्या मुलाविषयी खाली मान घालून बोलतात. विवाहाच्या बोलणीत पदवी विचारतात, हातातील कसब विचारीत नाहीत. ज्या मुलीस बारीक कामाची आवड आहे, तिला ते छंद म्हणून करावयास सांगतात. पदवीची थोरवी आम्ही नाकारीत नाही. आमचा स्वतःचा चरितार्थ तिच्यावरच चालला. परंतु कुशल हात आणि शिकलेली बुद्धी यांची फारकत करून आपण दोहोंचेही नुकसान केले आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या पूर्वजांच्या ठायी ही दोन्ही एकत्र होती. कस काढणे हे गणित होते, झाळणे हे कसब होते, आणि ती एकाच माणसापाशी असत.

यंत्रे बदलली म्हणून ही वृत्ती जुनी होत नाही. ज्या मुलाला फुंकणीची ज्योत स्थिर धरता येते, त्याला इलेक्ट्रॉनिक तुकडा झाळावयास शिकविणे अवघड नाही. मात्र त्याला थोडे गणित आणि थोडे पदार्थविज्ञान शिकवावे लागेल. ज्या मुलीला पदार्थविज्ञानाची पदवी मिळाली, तिच्या हातीही एखादे सूक्ष्म हत्यार द्यावे लागेल. घरोघर पालकांनी एवढे केले तरी पुष्कळ झाले. बक्षीससमारंभात गुणपत्रिकांच्या शेजारी एखादे उत्तम हातकाम मांडले जावे आणि त्याच्या कर्त्यासही त्याच टाळ्या मिळाव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे. पुढे कोणी विवरात उतरून नळीभोवती ओंजळ धरील की नाही, हे आज सांगता येत नाही. परंतु आपल्या गावात विद्युत्-उपकरण दुरुस्त करणारा, रुग्णालयातील यंत्र नीट जुळविणारा, किंवा साधा घराचा नळ न गळेल असा बसविणारा मनुष्य याच शाळेतला असतो. त्याचा मान राखणे हे काही परोपकाराचे काम नव्हे.

 बाहेर मुलांच्या हस्तकलेचे लहानसे प्रदर्शन मांडलेले आहे. जाताना तेथे क्षणभर थांबावे, वस्तू हातात घेऊन पाहावी, आणि ती करणाऱ्या मुलास ती कशी केली हे अवश्य विचारावे.